छिंडी

मिस्टर पेलिंगना 'पाणी' आठवत नाही.
ग्लासकडे बोट दाखवतात, ओठ हलवतात,
मग रागावून खिडकीकडे तोंड फिरवतात.
'चमचा' गेला दसऱ्याच्या सुमारास.
मुलीचं नाव त्याच्याही आधी.

पण नाडी बांधायला मी खाली वाकले
की वरून स्वच्छ आवाज येतो : अग्लेट.
नाडीच्या टोकाचं ते इवलंसं टोपण.
बूट गेला, पाय गेला,
अग्लेट राहिलं.

कपाटात सात खोकी आहेत, बुटांचीच.
बियाण्यांच्या कॅटलॉगची प्रुफं तपासण्यात
चाळीस वर्षं गेली त्यांची,
आणि संध्याकाळी घरी येऊन हे :
एका शब्दाला एक कार्ड, मागे अर्थ.
अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
त्यालाही एक कार्ड आहे, ग्रिफनाज.

रात्रपाळीला मी ती वाचत बसते.
लुईसमध्ये येऊन दोन वर्षं झाली,
बसवाल्याचं बोलणं अजून निम्मं हुकतं,
पण 'आय'च्या डोक्यावरल्या ठिपक्याला
टिटल म्हणतात, हे मला ठाऊक आहे.
आधी कळस, मग पाया,
तसं माझं इंग्रजी.

जानेवारीत अकराच्या सुमाराला
जेवणघरात उन्हाचा एक पट्टा येतो.
मी खुर्ची त्याच्यात सरकवते.
ते डोळे मिटतात : एप्रिसिटी.
थंडीतल्या उन्हाची ऊब.
शाल अंगावर ओढून घ्यावी तसा म्हणतात तो शब्द.
मी म्हणते, तिरीप.
ते म्हणतात, टिरीप.
तेवढ्यात ढग.

एक कार्ड दोनदा अधोरेखित :
उह्टकेअरे.
पहाटेआधी जाग येऊन काळजी करत पडून राहणं.
खाली पेन्सिलीनं एक तारीख, एकोणीसशे एकोणऐंशीची.
बाकी काही नाही.
रोझलिंड दर रविवारी येते,
तिला मी विचारलेलं नाही.
चार वाजता मी ते कार्ड हातात धरून बसते.
गडहिंग्लजला तेव्हा साडेनऊ.
बँक उघडायला अर्धा तास.

फेब्रुवारीत त्यांना बागेत नेलं.
कुंपणापाशी ते अचानक थांबले,
काठीनं खालची एक जागा दाखवली.
ससा किंवा तसलंच काही
रोज त्याच जागेतून ये-जा करून
झाडीत पडलेलं गोल भोक.
स्म्यूज, म्हणाले. अगदी खुशीत.

आमच्यात पण आहे शब्द, मी म्हटलं,
आणि तोंड उघडं राहिलं.

आमच्या मळ्याच्या कुपाटीत होती की ती,
परकर फाटायचा तिथनं जाताना,
आत्याची कुत्री पण तिथनंच यायची.
फट नव्हे. भोक नव्हे.
खिंडार तर नव्हेच.
तीन दिवस जिभेनं दात चाचपत राहिले,
पडलेल्या दाताची जागा चाचपावी तशी.
शेवटी मामाला फोन केला.
तो आधी म्हणाला, जेवलीस का?
मग म्हणाला, छिंडी की गं.
मग जरा वेळ काहीच म्हणाला नाही.

कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा उरला होता.
एकावर मी लिहिलं, छिंडी,
त्यांना वाचून दाखवलं, चार वेळा,
आणि स्म्यूजच्या शेजारी ठेवून दिलं.
लिहिताना 'छ' दोनदा चुकला.
ग्रिफनाज माझंही.

आता एप्रिल. शब्द फारसे येत नाहीत.
अग्लेटही नाही. मी नाडी बांधते,
वरती शांत असतं.

आज दुपारी ग्लासकडे बोट करून
त्यांनी ओठ हलवले,
रागावायच्या बेतात आले,
आणि म्हणाले, छिंडी.

मी पाणी दिलं.
अर्धं प्याले.
अर्धं स्वेटरवर.