आणखी काय घेतलंस

गेंट शहराबाहेर, बीटाच्या शेतालगत
तीन रात्रींचा प्रथमोपचाराचा तंबू.
मी होडेलीव्ह, वय अठ्ठावन्न,
गळ्यात थर्मामीटर, बुटांत चिखल.

रात्री दोनला दोघी त्याला ओढत घेऊन आल्या.
वान्नेस. तेवीस वर्षांचा, जिन्यांचे कठडे बनवतो.
नुकताच कालव्यातून काढल्यासारखा भिजलेला,
जबडा इतका आवळलेला
की शब्द दाताखाली चिरडून बाहेर येत होते.

काय घेतलंस?
उत्तर तयारच होतं, थोडं ऐटीतही:
"गुलाबी गोळी. अकराला एक.
काही झालंच नाही, म्हणून साडेबाराला दुसरी."

काही झालंच नाही.
दर उन्हाळ्यात हे वाक्य कानावर पडतं
आणि माझी झोप उडते.

आणखी काय घेतलंस?
"काही नाही."

मी त्याचा बूट काढला, मोजा काढला,
पाऊल झटकन वर दाबून तसंच धरलं.
ते उडायला लागलं. टक टक टक टक.
तिकडे मंचावर तारा बदलत होते, सगळं गप्प,
आणि माझ्या तळहातात हे एकटं पाऊल
कुणालाही न विचारता नाचत होतं.

दोघींना मी पाणी आणायला पिटाळलं.
पाणी तंबूत भरपूर होतं.
मग तो कुजबुजला:
"डॉक्टरांची एक. रोज सकाळी. अकरा महिने झाले.
लीसेलॉटला सांगू नका."

म्हणजे बघा,
संडासाच्या रांगेत कुण्या अनोळख्याने खिशातून काढून दिलेली
ती छाती पुढे काढून सांगायची,
आणि नाव, तारीख, शिक्क्यासह दुकानातून आलेली
ओठांआड लपवायची.

त्याला तेव्हा काही समजावलं नाही.
एकोणचाळीस पॉइंट आठला कुणाला काय समजतं?
तुम्हाला सांगते.
रोजची गोळी परतीचं दार धरून उभी असते,
जे थोडं बाहेर आलंय ते लगेच माघारी जाऊ नये म्हणून.
गुलाबीला त्याच दारातून आत घुसून
सगळं कोठार उपडं करायचं असतं.
दार अडलेलं, रंग चढत नाही.
पोराला वाटतं, माल खोटा.
तो आणखी गिळतो.
रंग चढो न चढो, हृदय मात्र मोजत असतं.

खोकला होता का रे?
"सिरप... अर्धी बाटली. पण ते तर
आईच्या कपाटातलं."
हो. त्याचाही हात त्याच दारावर.

काखेत बर्फ, जांघेत बर्फ,
शिरेतून झटके शमवणारं औषध,
योस्टने गाडी बोलावली, मी दिवा मंद केला.
पाऊल माझ्या हातात जरा कमी उडू लागलं,
मग परत जास्त.

कुणी शहाणा सांगतो, चार दिवस आधी गोळी बंद कर नि मग जा.
अरे, मेंदू काय भाड्याची खोली आहे,
पाहुण्यासाठी चार दिवस रिकामी करायला?
जुना भाडेकरू सामान हलवत नाही,
आणि मागे जो अंधार दबा धरून बसलेला असतो
तो मात्र बरोबर वेळेवर येतो.

सव्वातीनला गाडी निघाली. शुद्धीत होता.
इस्पितळातून सकाळी फोन आला, ताप उतरतोय,
पाय अजून हलतोय, पण थांबेल.
लीसेलॉट बाकावर चादर पांघरून बसलेली.
"तुमच्या कानात काय सांगत होता तो?"
खोकल्याचं, म्हटलं.
खोटं नव्हतं.

सात वाजता योस्ट खुर्च्या मिटत होता.
मी पाठ वळवली, गार कॉफीचा घोट घेतला
आणि खिशातून पेपरमिंटची डबी काढली.
नऊ वर्षं झाली,
तिच्यात पेपरमिंट नसतं.