आधी भिजवायचा

पहाटे सव्वापाचला दिब्ब्याच्या जेट्टीवर
एकतीस टाक्या उभ्या.
प्रत्येकीच्या तोंडावर पिवळी चिकटपट्टी,
पोटात दोनशे बार.
दोनशे बार म्हणजे किती,
हे मला पहिले सहा महिने कुणी सांगितलं नाही.

रोमेलने शिकवलं ते एवढंच:
पट्टा बादलीत बुडव. पिळू नको.
पोलादी पाटाची पन्हळ टाकीच्या अंगाशी नीट बसव.
टाकीचं तोंड माणसाच्या मानेशी येतं का बघ,
नाहीतर वर बघताना टाळक्यात ठक्क.
मग बकलच्या तिन्ही खाचांतून पट्टा ओव,
टाकीला गुडघा लाव, खेच,
आणि तरफ दाब,
बोट मध्ये असेल तर बोटासकट.
माझ्या डाव्या अंगठ्याचं नख अजून निळं आहे.

शेवटी पाट धरून अख्खी टाकी उचलायची
आणि कानाशी नारळ हलवतात तशी हलवायची.
सरकली, तर पुन्हा पहिल्यापासून.

पट्टा का भिजवायचा, ते त्याने सांगितलं नाही.
ते मला ठाऊक होतं.
शिरोड्यात बाबा माडावर चढायचे,
पायांत घालायची काथ्याची वळी
रात्रभर डोणीत पडलेली असायची.
'सुको दोर नको रे, आदी भिजय.'
सुका दोर जमिनीवर फार घट्ट असतो.

एप्रिलात एका शुक्रवारी दोन बोटी भरल्या,
बादली लांब होती,
मी एक पट्टा कोरडाच आवळला.
शारजाहून आलेली दातांची डॉक्टर,
तिच्या पाठीवरून चौदा मीटरवर टाकी
हळूच घसरली,
म्हशीवरून पोर घसरतं तशी.
रोमेलने तिला वाळूत गुडघ्यांवर बसवलं,
खालीच आवळून दिली.
वर आल्यावर ती सगळ्यांना सांगत होती,
कासव दिसलं, एवढं मोठं!
टाकीचं काहीच नाही.
रोमेलही बोलला नाही.
बादली उचलली, माझ्या पायाशी ठेवली
आणि चहा प्यायला गेला.

त्या रात्री मी घरी फोन लावला.
म्हणाले, आता मशीन आलंय चढायला,
लोखंडी, चिमट्यासारखं.
त्याला काय भिजवायचं.
वळी कुठाय, विचारलं.
म्हणाले, असेल डोणीत.
पाणी कोण बदलतं, ते विचारायचं राहिलं.

मी स्वतः खाली कधी गेलो नाही.
पोहता येतं, पण व्हिसावर मदतनीस लिहिलंय,
आणि बांधणाऱ्याने वर राहायचं असतं
असं शानवास म्हणतो. त्यालाही कुणी विचारलेलं नाही.

इथे सूर्य समुद्रातून वर येतो,
आमच्याकडे बुडतो. अजून सवय नाही.
बादलीतलं पाणी कोमट झालंय,
बोटांची टोकं मनुकांसारखी.
बावीस झाल्या.
पाट तापायच्या आत
अजून नऊ.