अडुसष्ट

अपिआओला धक्का नाही.
ओहोटीत मी गुडघाभर पाण्यात उतरतो, वजनकाटा खांद्यावर,
मागून नर्स एर्सिलिया, बूट हातात, फायली डोक्यावर.
महिन्यातून एकदा ही लाँच. यंदा जून गेला, जुलै गेला,
वाऱ्याने येऊ दिलं नाही.
ओटिलिया गेल्याचं रेडिओवरच कळलं.

म्हातारा बाल्तासार चेउकेमान दारात बसलेला.
विचारायच्या आधीच वही पुढे करतो,
गृहपाठ पुरा केलेल्या पोरासारखी.
हृदय दमलंय त्याचं. रोज सकाळी चहाआधी
घरच्या काट्यावर उभं राहायचं, आकडा लिहायचा.
दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर कळवायचं.

एर्सिलिया पानं उलटते. मार्च, एप्रिल, मे:
एकोणसत्तर, अडुसष्ट, सत्तर,
शेजारी बारीक अक्षरात: रात्री खोकला. उशा तीन.
खारवलेला मासा खाल्ला, ऐकत नाही.
नऊ जूनला अक्षर बदलतं.
जाड, पेन्सिल कागदात रुतलेली.
अडुसष्ट. अडुसष्ट. अडुसष्ट.
जुलैभर अडुसष्ट. आज सकाळीही.

'बघ, एक ग्रॅम हललं नाही,' तो म्हणतो,
आणि एवढं बोलायला दोनदा थांबतो.

मला आकड्यांतलं फार कळत नाही.
पण त्याचे मोजे घोट्याशी कात्रीने कापलेले होते.
एर्सिलियाने नडगीवर अंगठा दाबला
तर खळगा तसाच राहिला,
पाणी उतरल्यावर वाळूत टाच राहते तसा.

सपाट दगड शोधून मी काटा टेकवला.
एक कोंबडी आधी चढली, तिला हुसकलं.
शहात्तर.

ती काही बोलली नाही. मागचं पान काढलं:
आठ जून, ओटिलियाचा शेवटचा आकडा.
पाटीवर अक्षर गिरवतात ना पोरं,
तसं हा दोन महिने
तेवढं एकच गिरवत बसला होता.

रागावेल वाटलं. रागावली नाही.
कास्त्रोच्या इस्पितळाला रेडिओ लावला, खाट मागितली,
मला म्हणाली, भरतीआधी निघू.

लाँचमध्ये घोंगडीखाली तो वही धरून.
तिने पेन्सिल दिली. 'आजचं लिही. खरं.'
बराच वेळ लाटा बघत राहिला.
मग लिहिलं, शहात्तर,
आणि थोडं थांबून, शेजारी, जमेल तितकं बारीक:
उशा पाच.
बसूनच झोपतो.