मिलेटसला समुद्र नाही

बंदराचे दोन सिंह अर्धे चिखलात.
नदी गाळ आणत गेली, आणतच राहिली,
समुद्र कोस कोस मागे सरला
आणि जहाजं नांगर टाकायची तिथे आता
कापूस.
पलीकडची टेकडी बेट होती म्हणे.
बेडूक मात्र तेच. निदान त्यांना तसं वाटतं.

मुफीदेबाईंनी शेवटच्या वर्गाची सहल आणली आहे.
पुस्तकातून तो धडा गेला त्याला बरीच वर्षं झाली.
"सहलीला पुस्तक लागत नाही,"
एवढंच त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या होत्या.

जुन्या बाजारचौकात घोटाभर पाणी.
कोरड्या पायरीवर उभ्या राहून सांगतात:
अडीच हजार वर्षांपूर्वी इथल्या एका माणसाने
बाळाकडे नीट पाहिलं.
वासरू तासाभरात उभं राहतं,
कासव आईचं तोंडही न बघता पाण्याला लागतं,
आणि हे? मानसुद्धा धरत नाही.
मग पहिलं बाळ कोणी जगवलं,
कोणीच नव्हतं तेव्हा?
म्हणजे आधी आपण दुसरं काहीतरी असणार.
मासा, तो म्हणाला. किंवा माशाच्या पोटातले.
आणि मासा खाऊ नका म्हणाला, असं सांगतात,
बापाला कोण खातं?
उत्तर चुकलं, बाई म्हणतात,
प्रश्न अजून ओला आहे.

टोयगार हात वर करतो.
"काका म्हणतात, बळी तो कान पिळी.
विज्ञानानंच सिद्ध केलंय."
काकांची कापसाची जिनिंग आहे,
रात्रपाळीला सीरियातली पोरं.
टोयगारच्या पाठीवर त्याचा भाऊ उतकू,
अकरा वर्षांचा, पाय नुसते लोंबणारे.

बाईंकडे मोठं उत्तर होतं:
कवट्या मोजणारे डॉक्टर, व्यवस्थित टाइप केलेल्या याद्या,
देशाच्या भल्यासाठी वांझ केलेल्या मुली,
आणि प्रत्येक कागदावर हेच वाक्य, जरा चांगल्या भाषेत.
ते त्यांनी गिळलं. म्हणाल्या,
"पहिलं वर्षभर तू कोणाचा कान पिळलास रे?"
वर्ग हसला.
टोयगार हसला नाही, भावाला जरा वर सरकवलं फक्त.

दुपारी ड्रायव्हरने मासे भाजले.
उतकूने विचारलं, "हा बाप आहे का?"
"हा तळ्यात पाळलेला," ड्रायव्हर म्हणाला,
"याला बापबीप नाही, पावती आहे."
टोयगार काटे काढत बसला,
भावाच्या घासातले आधी.

बस निघाली तेव्हा कापसापलीकडे
जिनिंगचा भोंगा झाला.
काही मुलांनी खिडकीतून पाहिलं.
बाई हजेरी मोजत होत्या.