हनुवटीखाली दोन बोटं

पुंता अरेनासला वारा झोपत नाही,
आणि रात्रपाळीलाही झोपू देत नाही.
पावणेदोनला चौघांनी उचलून आणला
एलेउतेरिओ मान्सिया, खेकड्यांच्या बोटीवरचा.
एका पायात बूट, दुसरा पाय रक्ताळलेला,
तोंडाला दारूचा भपकारा.
"दोर सोडा," म्हणत होता, "दोर सोडा, ती बुडतेय."
ती कोण, ते आणणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

पहारेकऱ्यानं त्याला पालथा दाबला.
मी ओरडले, कुशीवर वळवा! पाठीवर गुडघा नको!
बंदरावर शिंपले विकताना
आई ओरडायची, तसाच आवाज.

साखर पाहिली, ठीक. ताप नाही.
केसांत बोटं घालून खोक चाचपत होते
तेवढ्यात त्यानं माझ्या मनगटाला चावा घेतला.

"मिडाझोलाम," डॉक्टर ड्रागिचेविच म्हणाला.
नवा आहे, सान्तियागोहून आलेला, घाईत असतो.
त्यानं सांगितलेला आकडा काही मोठा नव्हता.
पण आत आधीच दारू बसलेली असली
की धाकटा आकडाही थोरल्यासारखा वागतो.
"अर्ध्यावर भागवू," मी म्हटलं.
तो चिडला. मग मान हलवली.
मांडीत सुई, पँटच्या कापडातूनच.

पाच मिनिटं. काही नाही.
लाथ, शिवी, पुन्हा तो दोर.
खोलीतले सगळे माझ्याकडे बघतायत:
अजून दे ना. अजून दे.

ह्याच शब्दांवर तीन हिवाळ्यांपूर्वी
बेनहामिन गेला, एकवीस वर्षांचा.
सुईवर सुई, मग खोली गप्प,
आणि आम्ही म्हणालो, सुटलो बाई एकदाचे.
तो निजला नव्हता.
मी बाहेर माते पीत उभी होते,
नळी ओठात, पाणी अजून कडकडीत.

"थांबा," मी म्हटलं. "अजून थांबा."

नवव्या मिनिटाला मुठी उघडल्या.
एकेक जण निघून गेला, पहारेकरी सगळ्यांत आधी.
मी स्टूल ओढलं.
नाकाशी प्राणवायू, पडद्यावर सत्त्याण्णव.
त्या आकड्यावर माझा विश्वास नाही,
वरून प्राणवायू चालू असला
की तो वाईट बातमी उशिरा सांगतो.
छातीवर तळवा ठेवून मोजत बसले.
चौदा.
अकरा. घोरणं.
आठ.
मग घोरणं बंद, छाती मात्र धडपडतेय,
वारा शिरत नाही कुठूनच.
जीभ मागे पडली होती.
हनुवटीखाली दोन बोटं, उरलेली जबड्यामागे,
आणि वर. जोरात वर.
ओल्या वाळूवरून होडी ओढावी
तसा श्वास आत आला.

चाळीस मिनिटं ती हनुवटी माझ्याकडे होती.
दाढीचे खुंट बोचत होते, बोटं बधिर,
ड्रागिचेविच दोनदा येऊन उभा राहिला.
दुसऱ्यांदा न बोलता त्यानं माझी जागा घेतली,
मी मनगट धुवून आले.

सकाळी नऊला एलेउतेरिओ उठून बसला,
पाव मागितला, बूट शोधला.
रात्रीतलं काहीच आठवत नव्हतं.
ती कोण बुडत होती, विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.
त्यानं जबडा चोळला, माझ्याकडे संशयानं पाहिलं.
"इथं कुणीतरी मारलंय मला," म्हणाला.

मी बाही खाली ओढली
आणि त्याच्या पावाला लोणी लावत राहिले.