पेव

नाव शीतल मगदूमनं सुचवलं.
हरिपूरला हळदीची पेवं असतात,
उतरण्याआधी कंदील सोडून बघतात
आत हवा आहे का.

यार्डातल्या त्याच्या बापाच्या गोदामात
माझा डबल बेस सुरू झाला
की पोत्यांतनं पिवळी धूळ उठायची.
मुजावर घसा फाटेस्तोवर किंचाळायचा,
घरी जाऊन हळद-दूध प्यायचा.

गणपतीच्या मांडवात तिसऱ्याच गाण्याला
हवालदारानं वायर उपटली.
आठवडाभर सांगलीत आमचंच नाव.

मग पुणे. एकोणीस माणसं, त्यातला एक वेटर.
परतीच्या ट्रॅक्समध्ये कुणीच भांडलं नाही.
कराड गेलं, इस्लामपूर गेलं,
कंदील कुणी सोडलाच नाही.

कशाचंही उदंड झालं की पेव फुटलं म्हणतात.
आमचं नुसतंच फुटलं.

ड्रम विकायला काढलाय.
गिऱ्हाईक कातड्यावर बोट फिरवून विचारतं,
हे पिवळं कसलं?