विसरभोळी

आमच्या गल्लीत, सावद्याला, मला विसरभोळी म्हणतात.
मीठ संपलंय हे मला भाजी उकळल्यावर आठवतं,
काडेपेटी कधी जागेवर नसते,
आणि दूधवाल्याचे पैसे द्यायला
सासूलाच जावं लागतं, पेठेच्या पार त्या टोकाला.

खरं सांगू?
पतपेढीत हिशेब बघते मी.
चारशे खात्यांचे नंबर तोंडपाठ आहेत.

झालं असं, की मामंजी गेले त्या वर्षी
आम्ही सगळ्यांनी मिळून सुपडाबाई चौधरींना
खुर्चीत बसवलं.
खुर्ची ह्यांनी आणली, निळी, हातांची.
नणंदेनं जळगावहून मिक्सर धाडला.
मी म्हटलं, आत्या, पुरे आता, आयुष्यभर केलंत.
नळ स्वयंपाकघरात आला, पाटा भिंतीला टेकला,
बिबड्या विकतच्या.
त्यांची पावलं आम्ही एकेक करून काढून घेतली
आणि वर विचारत राहिलो,
आत्या, आराम आहे ना?

दोन उन्हाळे गेले.
डोक्यावर केळीचा घड घेऊन पाटाच्या कडेनं
सरळ मानेनं चालणारी बाई
खुर्चीतून उठताना "अगं माय" म्हणायला लागली.
मोरीकडे जाताना भिंतीला हात.
त्या हाताच्या उंचीवर
भिंतीला एक तेलकट पट्टा उमटला, खोलीपासून मोरीपर्यंत.
दिवाळीला चुना घेऊन पुसायला गेले
आणि ब्रश बादलीतच राहिला.

भारंबेंची लेक फिजिओथेरपी शिकून आलीय.
तिनं कागदावर चित्रं काढून दिली,
पाय असा उचला, दहा वेळा, मग तसा.
सासूबाईंनी कागद उलटा धरून पाहिला.
"मी काय तालमीतला पोऱ्या हाये का वं?"
आणि घडी घालून देव्हाऱ्यात ठेवला.
देवांनी केला असेल व्यायाम.

तेव्हापासून मी विसरते.

आधी मीठ, शेजारच्याच घरातून.
मग कढीपत्ता, कोपऱ्यावरच्या इंदू वारकेंच्या झाडाचा.
मग काडेपेटी,
कारण तेल्याच्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत
आणि कठडा आहे.
माठ परसात नेला, म्हटलं तिथं पाणी गार राहतं.
(राहत नाही. मे महिन्यात आमच्याकडे
सावलीसुद्धा तापते.)
"काऊन वं, डोकस कुठी ठेवून येते?"
असं त्या ओट्यावरून ओरडायच्या,
चार घरांना ऐकू जाईल असं.
जाऊबाई हसली. मुलगा म्हणाला, मम्मी, डॉक्टरला दाखव.
रात्री एकदा मलाच रडू आलं,
एवढ्याशा कढीपत्त्यासाठी म्हातारीला उन्हात...
मग वेळ बदलली. संध्याकाळी विसरू लागले.

कधी ते कळलं नाही,
पण काडेपेटीला जायला अर्धा तास लागू लागला.
मग तास.
इंदूबाई असतात सोबत, आणि नेहेत्यांची कौतिकाबाई,
तिच्या एका पायात मोजा, एका पायात नाही.
रावेर रस्त्याच्या तोलकाट्यापर्यंत जातात म्हणे.
एकदा केळीचा ट्रक उतरला
आणि ह्या तिघी काट्यावर चढून उभ्या राहिल्या.
काटेवाला म्हणाला, एकशे ऐंशी, हमालीसकट.
ते सांगताना सासूबाई इतक्या हसल्या
की उठून उभ्याच राहिल्या,
खुर्चीचे हात न धरता.
त्यांच्या लक्षात आलं नाही.
मी ताटं मांडत राहिले.

आता चैत्रात गोधड्या उन्हात घालायला
त्यांची गादी उचलली, तर खाली
अकरा काडेपेट्या.
कोऱ्या. एकीचाही कागद फाटलेला नाही.

सहा महिने झाले,
मी काडेपेटी लपवायचं सोडून दिलं होतं.
मला खरंच वाटायचं,
आपण विसरायला लागलो.

गादी होती तशी पसरली,
चादरीचं टोक आत खोचलं,
आणि बाहेर येऊन म्हटलं,
"आत्या, काडेपेटी संपली वाटतं."

त्यांच्या पायात चपला होत्याच.